दुसरे लेखक

आमच्या घरात मेलेल्या माणसाला पत्र येणं नवलाचं राहिलं नव्हतं. दर सोमवारी माझ्या धाकट्या भावाच्या पत्त्यावर संगणकातून निरोप यायचा, की या आठवड्यात आपल्या लेखांचा इतक्या जणांनी दाखला दिला, अभिनंदन. त्याची बायको तो चहाच्या वेळी वाचून दाखवायची. ती शाळेत गणित शिकवायची, म्हणून आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. "बारा," बाई म्हणायची. नाहीतर, "ह्या वेळी चारच हो." थोरला मान न उचलता पावाला लोणी लावत राहायचा, आणि त्याची बायको मुद्दाम कपबशांचा आवाज करायची. धाकट्याला जाऊन छत्तीस वर्षं झाली होती.

त्या शुक्रवारी मात्र थोरल्याची मुलगी बिट्टी भर दुपारी प्रयोगशाळेतून घरी आली, आणि चपला न काढताच माझ्यासमोर बसली.

"आत्या, तू टाइप केलेला पहिला लेख आठवतो तुला?"

"कुठला पहिला?"

"काकाचं नाव घातलेला. तो गेल्यावरचा."

मी हातातला बटाटा खाली ठेवला. त्या घरात हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. बिट्टीनंही नाही, आणि ती बापाच्याच विषयात, बापाच्याच प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काम करत होती.

काय झालं ते तिनं मला सांगितलं. सकाळी ती उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून यकृताचे नमुने काढत होती. हातात जाड मोजे, चष्म्यावर वाफ. शेजारची सहकारी म्हणाली, "बाहेर फलकावर बघ जा, तुमच्या घरातलं कुणीतरी आलंय." बिट्टीला वाटलं, बाबा. फलकावर जगभरातल्या शंभर संशोधकांची यादी लावली होती. एकेका लेखामागे सरासरी किती दाखले, त्या क्रमानं. एकसष्टाव्या जागी काकाचं नाव होतं. बापाचं कुठेच नव्हतं. बापाच्या एकसष्ट लेखांत काही बरे होते, काही पोटापाण्याचे. काकाच्या नावावर त्यातले निवडक त्रेचाळीसच होते. मेलेल्या माणसानं एकही सुमार लेख लिहिला नव्हता.

"सगळ्यांचे फोटो होते, आत्या. त्याच्या जागी नुसतं राखाडी डोकं आणि खांदे. चेहरा नाही. आणि बाजूला दर वर्षाच्या दाखल्यांचे उभे खांब. दर वर्षी उंच होत आलेले. सगळ्यात उंच शेवटचा. आणि खाली लिहिलेलं, 'स्थिती : कार्यरत'."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. मीच म्हटलं, "मग? कौतुकच आहे की."

"कौतुक करायला त्यांनी त्याला शोधलं. कुठल्याच संस्थेत सापडला नाही. आता संपादकांचं पत्र आलंय बाबांना, मलाही पाठवलंय. हे दुसरे लेखक कोण, कुठे असतात, आज संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लेख मागे घ्यावे लागतील."

लेख मागे घेणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. त्याच्यावर आडवी लाल अक्षरं छापतात. मग त्याच्यावर ज्यांनी आपलं काम रचलं, त्यांच्याही भिंतींना तडे जातात. बिट्टीचा सगळा प्रबंध त्यातल्या एकाच लेखावर उभा होता. आणि थोरल्याला निवृत्त व्हायला चार महिने राहिले होते.

*

तो पहिला लेख मला चांगला आठवत होता. दोघा भावांनी मिळून केलेलं काम. लेख छापायला जायचा आणि धाकटा नऊ दिवसांच्या तापात गेला. कच्ची छपाई घरी आली ती तेराव्या दिवसाच्या सुमारास. अशा वेळी नावाच्या डोक्यावर एक लहानशी खूण छापायची पद्धत असते, उभ्या खंजिरासारखी. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, की हे लेखक आता हयात नाहीत. आईला वाचता येत नव्हतं त्या भाषेत, पण खूण दिसली. "हे काय टोचलंय माझ्या पोराच्या नावाला?" तिनं विचारलं. थोरल्यानं सांगितलं. आई म्हणाली, "काढ ते."

थोरल्यानं काढलं. एवढंच. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण दुसऱ्या लेखातही निम्मे प्रयोग धाकट्याच्याच वहीतले होते, मग त्याचं नाव न घालणं चोरी झाली असती. खूण घालायची तर आईला काय सांगणार? तिसऱ्या लेखात त्याची फक्त कल्पना होती. चौथ्याच्या वेळी मी टाइप करताना थांबून विचारलं, "ह्यात तो कुठे आहे?" थोरला खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "ताई, तू टाइप कर." मी केलं. नंतर मी विचारायचं सोडलं. माझी बोटंच ते नाव टाइप करून मोकळी व्हायची.

आई गेली, तरी नाव तसंच चालू राहिलं.

*

चार वाजता सगळे खालच्या मजल्यावर आमच्याकडे जमलो. थोरला आपला संगणक घेऊन खाली आला. हिरवट अंगरखा घालून, नुकताच आजारातून उठल्यासारखा. थोरली त्याच्या मागून. तिनं वरून येतानाच ठरवलं होतं, की आज बोलायचं. हे तिनं मला पुढे स्वतःच सांगितलं. जिन्याच्या अकरा पायऱ्यांवर तिनं अकरा वाक्यं जुळवली होती आणि बसल्यावर एकच तोंडून निघालं.

"जिवंत नवऱ्यापेक्षा मेलेला दीर वरचढ निघाला म्हणायचा."

"आई, प्लीज," बिट्टी म्हणाली.

"प्लीज काय? यादीत कोण आहे? रात्रंदिवस प्रयोगशाळेत कोण होतं? तुझ्या दहावीला कोण नव्हतं घरी? ह्यांनी आयुष्य घातलं, आणि नाव कुणाचं?"

"नाव मीच घातलंय," थोरला म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. घातलंत. मला एकदा तरी विचारलंत?"

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसली होती, शाळेत परीक्षेच्या वेळी बसायची तशी. "जाऊबाई, काय करायचं ते ठरवू," ती म्हणाली. "भांडण नंतर करू. वेळ कमी आहे."

बिट्टीनं वही काढली. तिचा स्वभाव बापासारखा, घाबरली की कामाला लागते. "दोनच वाटा आहेत. एक, खरं सांगायचं. दुसरी..." ती थांबली. "दुसरी म्हणजे, ह्या कामात त्या जागी खरोखर कुणी होतं का? ज्यानं काम केलं, पण नाव काकाचं पडलं? तसं असेल तर नाव बदलून मागता येतं. मग लेख बचावतात."

 मग थोरल्यानं बाईकडे पाहिलं. मला वाटतं वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे असं सरळ पाहिलं.

"आहे," तो म्हणाला. "बाई आहेत."

थोरली म्हणाली, "म्हणजे?"

तेव्हा ते सगळं बाहेर आलं. मला अर्धंमुर्धं माहीत होतं, एका घरात राहून कळतंच. पण बिट्टी तोंड उघडं टाकून ऐकत होती. लेखांवर प्रत्येक लेखकाचा संगणकावरचा पत्ता द्यायची पद्धत आली, तेव्हा थोरल्यानं धाकट्याच्या नावानं एक पत्ता काढला. तो उघडून बघायची त्याची छाती होईना, म्हणून परवलीचा शब्द बाईला दिला. बाईनं उघडला. लोक प्रती मागायचे, ती पाठवायची. मग संपादक दुसऱ्यांचे लेख तपासायला पाठवू लागले. बाईनं आधी नकार लिहिला होता म्हणे, पण लेखातल्या तक्त्यातली बेरीज चुकली होती. ते तिला बघवेना. तिनं तेवढंच लिहून पाठवलं. संपादकांनी आभार मानले आणि आणखी दोन पाठवले. मग तिनं थोरल्याची जुनी पुस्तकं मागून घेतली, 'डोळे बरे आहेत तोवर वाचते' म्हणून. बावीस वर्षांत धाकटा त्या क्षेत्रातला कडक पण न्यायी परीक्षक म्हणून नावाजला गेला.

"आणि मला पत्र आलं," थोरला म्हणाला. "माझाच लेख मी पाठवायच्या तयारीत होतो, सहलेखक म्हणून त्याच्या पत्त्यावरही प्रत गेली होती. धाकट्याच्या पत्त्यावरून. 'तक्ता दोनमधली शेवटची ओळ जुळत नाही.' एवढंच. खाली सही नाही."

"मग तुम्ही काय केलंत?" बिट्टीनं विचारलं.

"ओळ सुधारली. आभार कळवले."

"कुणाला?"

"त्याच पत्त्यावर."

"अहो, बाबा! काकू खाली राहत होत्या. रोज आपण एका टेबलावर जेवतो."

"हो," थोरला म्हणाला. जणू त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

मला ती जेवणं आठवली. बाई त्याला मीठ द्यायची, तो तिला पाण्याचा तांब्या द्यायचा, आणि दोघं रात्री वरच्या आणि खालच्या खोलीतून एका मेलेल्या माणसामार्फत एकमेकांना पत्रं लिहायची. सकाळी पुन्हा मीठ.

थोरलीचा चेहरा उतरला होता. पण ती हिशेबीच. तिनं पटकन बाजू बदलली. "मग प्रश्नच मिटला. बाईचं नाव घाला. केलंय ना तिनं काम? हक्काचं आहे. आणि मला तर बाई आवडेलच त्या यादीत. निदान जिवंत माणूस आहे."

बिट्टीचे डोळे चमकले. "काकू, खरंच. प्रत्येक लेखाच्या वेळची पत्रं आहेत ना? पुरावा आहे. मला वाटतं ते मान्य करतील."

बाई विचार करत होती. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि टेबलावर ठेवला. ती हो म्हणेल असं मला वाटलं. मला तर ते व्हायलाच हवं होतं. माझ्या बोटांचंही ओझं उतरलं असतं.

"तक्ते मी तपासले," ती म्हणाली. "आकडे माझे. पण ते कशाबद्दल आहेत, हे मला कधीच पुरतं कळलं नाही."

"असं कसं, बाई?" थोरला म्हणाला. "सगळा मोठा लेख तुमच्या एका ओळीवर उभा आहे. ज्याचे सगळ्यात जास्त दाखले आहेत. बिट्टीचा प्रबंध ज्याच्यावर आहे, तो."

"कुठली ओळ?"

"वीस वर्षांपूर्वी. आम्ही सगळे यकृतातल्या वणाचा मधला भाग बघत होतो. तुम्ही लिहिलंत, 'वणाच्या मध्ये काही नाही. कड बघ. जिथे बरा भाग संपतो तिथे बघ.' मी दुसऱ्या दिवशी काचपट्ट्या पुन्हा काढल्या. तिथेच सगळं होतं."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. मी अजून त्या बघण्याचा विचार करते.

"मी असं कधी लिहिलं नाही, भाऊजी."

"विसरला असाल, काकू," बिट्टी हळूच म्हणाली. "वीस वर्षं झाली."

"मी काय विसरते गं? पाढे विसरले का कधी? मी तुझ्या बाबांना 'बघ' म्हणेन? 'बघा' म्हणेन. वण म्हणजे काय ते मला त्या लेखानंतर कळलं."

थोरल्यानं संगणक उघडला.  जुनं पत्र शोधून त्यानं तो आमच्याकडे वळवला. धाकट्याचा पत्ता. तारीख. दोन ओळी. *कड बघ.* सगळ्यांनी वाचलं. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती, एवढाच आवाज.

"मग हे कुणी पाठवलं?" थोरली म्हणाली. आवाजातला सगळा खार गेला होता. "वन्सं, तुम्ही?"

"मी टायपिस्ट आहे गं," मी म्हटलं. "सांगितलं तर टाइप करते. मनाचं काही नाही माझ्याकडे."

 बिट्टीच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला दिसत होतं. ती लहान असताना तिला वाटायचं, काका दूर कुठल्यातरी प्रयोगशाळेत असतो आणि कामामुळे त्याला घरी येता येत नाही. एकदा तिनं त्याला भेटकार्डही केलं होतं. आता चाळिशीत ती पुन्हा त्याच दाराशी येऊन उभी होती.

शेवटी बाईच बोलली. "बिट्टी, जे मी केलं नाही त्याखाली माझं नाव नको. आणि जे ह्यांनी केलं, ते ह्यांनी कसं केलं हे आपल्याला सांगता येणार नाही. तू खरं तेवढं लिही. वारल्याची तारीख लिही."

"काकू, लेख जातील."

"पहिला राहील. त्याच्यावर ती खूण येईल. इतकी वर्षं टोचेल म्हणून चुकवली." ती थोरल्याकडे वळली. "भाऊजी, तुमचं काय म्हणणं?"

 थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. "तू सांग," तो म्हणाला. "तुला विचारतोय."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा घडत होतं. थोरलीला रडायलाच आलं. "मला वाटतं," ती नाक पुसत म्हणाली, "आता सोडा त्यांना. दमले असतील."

*

पत्र बिट्टीनं लिहिलं. साधं, चार वाक्यांचं. दुसरे लेखक अमुक साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारले. त्यानंतरच्या लेखांवर त्यांचं नाव पहिल्या लेखकांनी घातलं. याची संपूर्ण जबाबदारी पहिल्या लेखकांची. कृपया दुरुस्ती करावी. बाईनं चष्मा लावून ते वाचलं, एक स्वल्पविराम सुधारला आणि चष्मा पुन्हा टेबलावर ठेवला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी थोरल्यानं ते नियतकालिकाच्या पानावर भरलं आणि बटण दाबलं.

लगेच यंत्राचं उत्तर आलं. बिट्टीनं मोठ्यानं वाचलं.

"आपली विनंती मिळाली. दुरुस्तीसाठी सर्व लेखकांची संमती आवश्यक आहे. प्रत्येक लेखकाला स्वतंत्र निरोप पाठवण्यात आला आहे. दुसऱ्या लेखकांचे उत्तर येताच पुढील कार्यवाही करू."

"म्हणजे तो मेलाय, हे त्यानं स्वतः मान्य करायचं?" थोरली म्हणाली.

"यंत्राला काय कळतंय, आई. सहमत, असहमत, अशी दोन बटणं असतील. काकू..."

बाई उठली. "मी बघते. एकटीला बघू दे." ती आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही चौघं बसून राहिलो. थोरल्याच्या पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिले लेखक : सहमत. दुसरे लेखक : उत्तराची प्रतीक्षा.

मग आतून टाइप करण्याचा आवाज आला.

मी चौतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होते. पाठ फिरवून बसले तरी कोण टाइप करतंय ते मला कळायचं. चालीवरून माणूस ओळखावा तसं. बाईला मीच शिकवलं होतं, दाही बोटांनी, सलग. आतला आवाज दोन बोटांचा होता. एक, एक. मग थांबायचं, जणू अक्षर शोधतंय. पुन्हा एक, एक. अशी खोड आमच्या घरात एकालाच होती; तो माझ्या यंत्रावर बसला की मी ओरडायचे, "अरे, कोंबडं दाणे टिपतं तसा काय टिपतोस!"

  थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्यालाही तो आवाज ओळखू आलाय हे मला कळलं.

आवाज थांबला. पडद्यावरची ओळ बदलली.

*दुसरे लेखक : सहमत. शेरा : इतकी वर्षं मला कुणी विचारलंच नव्हतं.*

बिट्टीनं तोंडावर हात घेतला. थोरला ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण खांदे सैल पडले होते, किती वर्षांनी कोण जाणे.

दार उघडलं. बाई डोळे चोळत बाहेर आली, केस एका बाजूनं दबलेले.

"बघा, चष्मा इथेच राहिला माझा. त्याच्याशिवाय मला अक्षर दिसत नाही. न्यायला उठणार, तर अंथरुणावर टेकले तिथेच डोळा लागला." तिनं टेबलावरचा चष्मा घेतला. "आलं का ते पत्र?"

"आलं होतं," थोरला म्हणाला. "उत्तरही गेलं."

बाई चष्मा हातात धरून उभी राहिली. तिनं आमच्या चौघांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. कुणी पाठवलं, असं तिनं विचारलं नाही.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

 थोरली उठली, बाईजवळ गेली आणि तिचा दंड धरला.

"हो म्हणाले," ती म्हणाली.